सही कुठे होते? : केशोरीहून पाहिलेली जिल्हा परिषद

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि त्याच्याबरोबर गोंदिया जिल्हा परिषदही झाली. तिरोडा, गोरेगाव, आमगाव या तालुक्यांना जिल्ह्याचे ठिकाण हाकेच्या अंतरावर आले. केशोरीला ते आले नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या या टोकावरून पूर्वी साकोलीमार्गे भंडारा गाठायला जेवढा दिवस जात असे, जवळपास तेवढाच आज नवेगावबांध, कोहमारा, गोरेगाव असे करत गोंदिया गाठायला जातो. दोन्हीकडचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. अर्जुनीहून गोंदियाला रेल्वे आहे हे खरे. पण केशोरी रुळावर नाही, आणि गाडी धरायची तर आधी अर्जुनी गाठावी लागते. जिल्हा लहान झाला, केशोरीपुरता मात्र तो जवळ आला नाही. म्हणून या संस्थेचा इतिहास अध्यक्षांच्या यादीवरून किंवा इमारतींच्या कोनशिलांवरून न लिहिता केशोरीहून लिहून पाहावा, असे मला वाटते. कालवा नीट चालतो की नाही हे धरणाच्या भिंतीवरून कळत नाही, ते टेलवरच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, बांधीत उभे राहिल्यावर कळते. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण ज्यांच्या शेजारी आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. माझे म्हणणे थोडक्यात असे : गेल्या पाऊणशे वर्षांत या भागात लोकांच्या सेवेची जी जी व्यवस्था झाली, तिच्यात ज्या कामाची सही आणि ती सही करणारा माणूस एका दिवसात जाऊन परतता येईल इतके जवळ आले, ते काम सुधारले. जिथे नुसता कागद जवळ आला, तिथे लोकांच्या चकरा होत्या तशाच राहिल्या.

इतिहास १९९९ पासून सुरू होत नाही, १९६२ पासूनही नाही. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांताने स्थानिक कारभाराचा एक धाडसी प्रयोग केला होता, जो आता जवळपास विसरला गेला आहे. १९४८ च्या कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने जिल्हा कौन्सिले मोडीत काढली आणि तहसीलनिहाय जनपद सभा उभ्या केल्या. द्वारकाप्रसाद मिश्र हे या योजनेचे शिल्पकार. भंडारा जिल्ह्यात त्या वेळी भंडारा, गोंदिया आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. केशोरी साकोलीत होती. शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी यांचा निर्णय जिल्ह्याच्या गावात होण्याऐवजी साकोलीत व्हावा, हा त्या योजनेचा गाभा. जिल्ह्याचे एकक लोकांना फार दूरचे आणि गावाचे एकक कारभाराला फार लहान, म्हणून मधली तहसील धरली. विचार पक्का होता. अंमल मात्र लंगडा पडला. सभांकडे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे होते, कारभार महसुली अधिकाऱ्याच्या हातात राहिला आणि निवडून आलेल्या माणसाला सही करण्याऐवजी शिफारस करण्याचेच काम उरले. निर्णयाची जागा साकोलीत आली, निर्णयाची ताकद आली नाही. त्याच सुमारास, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. जुलमाची एक पद्धत गेली, ते उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर गावतलावांचा कारभारही गावातून उठला, आणि पाळ फुटली तर माती कोणी टाकायची हा प्रश्न कचेरीत गेला. माजी मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीचे जे रडगाणे आजही या जिल्ह्यात ऐकू येते, त्याचे मूळ इथे आहे.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. नव्या राज्याने जून १९६० मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये देशासाठी सुचवलेली रचना वेगळी होती. तिच्यात खरी सत्ता गटपातळीवरच्या पंचायत समितीकडे आणि जिल्हा परिषदेकडे देखरेख, सल्ला एवढेच. नाईक समितीने हे उलटवले. जिल्हा हाच मुख्य घटक धरला, पंचायत समिती तिच्या हाताखाली ठेवली. केशोरीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की १९४८ मध्ये भंडाऱ्याहून निदान नावापुरती साकोलीला आलेली सही १९६२ मध्ये पुन्हा भंडाऱ्याला गेली. यावर नाईक समितीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. जनपद सभांकडे ना पैसा होता, ना अभियंते, ना डॉक्टर. तहसिलीएवढ्या लहान घटकाला शिक्षकांची भरती, बदल्या, निवृत्तिवेतन हे ओझे पेलवत नाही. स्थानिक गटबाजीत शिक्षक भरडला जातो. जिल्हा परिषद मजबूत झाली म्हणूनच महाराष्ट्राचे पंचायत राज्य इतर राज्यांच्या पुढे गेले, असे अभ्यासक मानतात. हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. माणसे नेमण्यासाठी जिल्हा योग्य असेल. पण म्हणून त्या माणसांनी रोज जे निर्णय घ्यायचे, तेही जिल्ह्यातच का व्हावेत? नेमणूक आणि निर्णय या दोन गोष्टी नाईक समितीच्या रचनेत एकाच दोरीत बांधल्या गेल्या. पुढच्या साठ वर्षांच्या चकरा त्या गाठीतून निघाल्या.

तरीही १९६२ ने केशोरीच्या भागाला जे दिले, ते आधीच्या कुठल्याही व्यवस्थेने दिले नव्हते, आणि ते होते माणूस. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, पशुधन पर्यवेक्षक, नर्सबाई. १९७५ नंतर एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी सेविका, २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा मापदंड. आदिवासी आणि डोंगराळ भागात तोच ३,००० आणि २०,००० असा खाली आणला गेला. जंगलातली विरळ वस्ती पाहूनच हा फरक केला होता, आणि जिल्ह्याच्या रचनेत टेलवरच्या माणसाचा विचार करून आखलेल्या मोजक्या गोष्टींपैकी तो एक आहे. केशोरीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शेजारी गोठणगावला आहे. हिवतापाच्या या पट्ट्यात गावातच बोटातून रक्ताचा नमुना घेणारा माणूस असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पावसाळ्यात थंडीताप येतो त्यांना ठाऊक असते.

या माणसांच्या कामातले एक साधन जवळून पाहण्यासारखे आहे, कारण माझ्या साऱ्या युक्तिवादाचा आधार तेच आहे. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राची सिस्टर लसींचा डबा घेऊन गावात येते. डब्यात चार बाजूंना चार आईसपॅक, मध्ये लसींच्या कुप्या. क्षयाची आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा पातळ केली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून बाळे किती येणार हे तिला आधीच माहीत असावे लागते. ते तिला कळते एका कापडी पिशवीवरून. टिकलर बॅग म्हणतात तिला. भिंतीला टांगायची, एकाखाली एक कप्पे शिवलेली. बारा महिन्यांचे बारा कप्पे. बाळाला लस दिली की कार्डाचा एक भाग आईकडे जातो आणि दुसरा, पुढची लस ज्या महिन्यात द्यायची त्या महिन्याच्या कप्प्यात पडतो. महिना सरत आला तरी कप्प्यात कार्ड उरले असेल, तर ते बाळ आलेले नाही. मग आशा त्या घरी जाते. एवढेच. या पिशवीला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि ती जे काम करते ते जिल्ह्यातली बहुतेक कचेऱ्या करत नाहीत : कोण आले याच्याऐवजी कोण आले नाही याचा हिशेब ती ठेवते. इथे सहीसुद्धा वर जात नाही. लस द्यायची की नाही हे सिस्टर तिथेच ठरवते, तिथेच देते, तिथेच नोंदवते. आईला अर्ज करावा लागत नाही, कुणाचा दाखला जोडावा लागत नाही, बाळ लाभार्थी असल्याचे सिद्ध करावे लागत नाही.

याच गावातली दुसरी सेवा शेजारी ठेवून पाहा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची आहे. विधवा, दिव्यांग, निराधार यांना २०२३ मध्ये महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. त्याआधी १,००० मिळत. ही योजना जिल्हा परिषदेची नाही, सामाजिक न्याय विभागाची आहे आणि तहसीलमार्फत राबवली जाते, पण केशोरीच्या म्हातारीला खात्यांचा हा भेद कळण्याचे कारण नाही. तिला तहसील ठाऊक असते. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचे पासबुक, आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. एक कागद तलाठ्याकडे, दुसरा ग्रामसेवकाकडे, तिसरा सेतूत, निर्णय तालुक्याच्या समितीत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे असेल तर जिल्हा रुग्णालय. गणित सरळ मांडता येते. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची राज्यातली मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हातारीला एकटे पाठवता येत नाही, मुलगा किंवा सून सोबत जाते. तीन चकरांत सोबत जाणाऱ्याची तीन दिवसांची मजुरी, ८९१ रुपये, म्हणजे महिन्याच्या अनुदानाचा जवळपास साठ टक्के भाग, मिळायच्या आधीच जातो. एसटीने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत आणि २०२३ मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, हे चांगले झाले. त्याने भाडे वाचले, दिवस वाचला नाही. सिकलसेलच्या रुग्णाचे याहून कठीण. पूर्व विदर्भात हा आजार पसरलेला आहे. पहिली चाचणी गावाजवळ होते, खात्री करणारी पुढच्या ठिकाणी. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आला, पण प्रमाणपत्रासाठी पुन्हा जिल्हा. ज्याला चालताना सांधे दुखतात त्यालाच सर्वांत लांब चालायला लावणारी ही रचना आहे. आणि या साऱ्या प्रवासात कुठल्याही टेबलावर टिकलर बॅग नाही. म्हातारी दुसऱ्या चकरेनंतर आलीच नाही, तर तिचा अर्ज कुठे अडला हे कोणी पाहायला जात नाही. कचेरीच्या हिशेबात ती मुळी अस्तित्वातच नसते.

केशोरीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, जो गोंदियात बसून दिसत नाही. गोंदिया जिल्ह्यात आदिवासींची मोठी वस्ती आहे, देवरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, पण जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. केशोरीला लागून असलेला गडचिरोली जिल्ह्याचा कुरखेडा तालुका त्या क्षेत्रात आहे. त्यामुळे सीमेपलीकडच्या ग्रामसभेला पेसा कायद्याचे अधिकार आहेत, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा अबंध निधी म्हणून थेट ग्रामपंचायतीकडे येतो. अलीकडच्या, त्याच जंगलातल्या, त्याच बोलीच्या, नात्यागोत्याच्या गावाला तो नाही. एका बाजूला ग्रामसभेची सही चालते, दुसऱ्या बाजूला तीच सही देवरी, अर्जुनी आणि गोंदिया अशा तीन ठिकाणी वाटली जाते. जिल्हा परिषदेने हा कायदा केलेला नाही आणि ती तो बदलूही शकत नाही. पण आपल्या अखत्यारीतल्या कामांत सीमेवरच्या ग्रामपंचायतींना तेवढेच स्वातंत्र्य द्यायला तिला कोणी अडवलेले नाही. ५३ सदस्यांच्या सभागृहात हा विषय जितक्या वेळा यायला हवा होता, तितक्या वेळा तो आला असता तर जिल्ह्याच्या या टोकाचे चित्र थोडे निराळे झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कचेरी सुधारण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेच नाहीत असे कोणी म्हणू नये. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणीच बदलली : दप्तर लावले, अधिकार खालच्या हातांत सोपवले, आलेल्या माणसाला आपले काम कुठल्या टेबलावर आहे ते लगेच कळेल अशी सोय केली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो गाजला. पुढे सनदी अधिकारी चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची शिस्त आणली. २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा झाला. आपण ज्या प्रांतातून आलो त्या मध्य प्रदेशाने असा कायदा देशात सर्वप्रथम, २०१० मध्ये केला होता. आपल्या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला दिवसांची मर्यादा आली, पदनिर्देशित अधिकारी ठरला, दोन अपिलांची आणि त्यावर आयोगाची सोय झाली, कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आला. या कायद्याचे मोल मी मानतो. सही कोणाची हे त्याने पहिल्यांदा भिंतीवरच्या फलकावर लिहायला लावले. पण त्याचे घड्याळ अर्ज पोचल्यापासून सुरू होते, आणि केशोरीची अडचण अर्ज पोचण्याच्या आधीची आहे. त्रुटी काढून परत केलेला अर्ज नवा धरला की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. अपील करणे हा हक्क आहे, पण ज्याला पहिल्या चकरेची मजुरी परवडत नाही त्याला अपिलाची कशी परवडेल?

यावर आज सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे, आता सगळे मोबाइलवर आले आहे, चकरांचा प्रश्न संपला. हा आक्षेप नीट तपासायला हवा, कारण त्यात सत्याचा मोठा अंश आहे. सातबारा मोबाइलवर निघतो, ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र आहे, पैसा थेट खात्यात जमा होतो, मधला हात गळला. पण प्रत्येक वेळी नेमके काय जवळ आले ते पाहावे. २०१६ अखेरीस वस्तूंऐवजी थेट खात्यात रक्कम देण्याचे धोरण आले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिलाई यंत्राच्या योजनेतल्या बाईला आधी स्वतःच्या पैशाने यंत्र घ्यावे लागले आणि मग पावती देऊन रकमेची वाट पाहावी लागली. खरेदीतला भ्रष्टाचार थांबावा हा हेतू चांगला. पण ज्या बाईकडे आधीचे पैसे नव्हते, ती योजनेतून आपोआप बाहेर पडली, आणि ती बाहेर पडल्याची नोंदही झाली नाही. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. यंत्रे निकामी होती, ॲपची भाषा इंग्रजी होती आणि बाळाचे वजन करण्यापेक्षा ते भरण्यातच वेळ जात होता. रेशनच्या यंत्रावर शेतात राबणाऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत ही तक्रार तर घरोघरची आहे. या सर्व उदाहरणांत कागद गावात आला, सही कुठेतरी एका संगणकात गेली, आणि नाही म्हणणारा माणूस समोर उरला नाही. माणूस नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालता येतो. पडद्यावर लाल अक्षरे आली की कोणाशी घालायचा? यंत्र नको असे माझे म्हणणे नाही. जवळच्या माणसाच्या हातात ते दिले तर त्याचे बळ वाढते. त्याच्या जागी ठेवले तर सेवा पुन्हा लांब जाते.

केशोरीच्या परिसरात या मुद्द्याचा एक पुरावा गेल्या काही वर्षांत उभा राहिला, आणि तो अनपेक्षित ठिकाणी. गडचिरोली पोलिसांनी दुर्गम ठाण्यांत ‘पोलीस दादालोरा खिडकी’ सुरू केली. मोठ्या भावाची खिडकी, असा त्या गोंडी शब्दाचा भाव. दाखले, योजनांचे अर्ज, नोकरीची माहिती, सारे एका खिडकीवर. गोंदिया पोलिसांनी केशोरीसारख्या सीमेवरच्या ठाण्यांत तीच पद्धत घेतली. ती चालते याची कारणे साधी आहेत. ठाणे दिवसरात्र उघडे असते, तिथे वाहन असते, माणूस असतो, आणि तो अर्ज घेऊन स्वतः तहसिलीत पाठपुरावा करतो, म्हणजे चकरा अर्जदाराऐवजी शासन मारते. यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, कल्याणाचे काम पोलिसांनी का करावे. ज्या गावाने नक्षलवादाच्या काळात दोन्हीकडचा धाक सोसला, तिथे खाकी वर्दीसमोर अर्ज भरताना माणूस मोकळा असतो का? मला हा आक्षेप पटतो. दुसरा, ही खिडकी म्हणजे नागरी प्रशासनाच्या अपयशाची कबुली आहे. हे मला अर्धेच पटते. कबुली असेल, पण ती उपयोगी आहे, कारण जंगलातल्या गावात एक खिडकी चालवता येते हे तिने दाखवून दिले. जे ठाण्याला जमले ते आरोग्य केंद्राला, शाळेला, ग्रामपंचायतीला का जमू नये, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. याउलट २०२३ च्या ‘शासन आपल्या दारी’ मोहिमेने जिल्ह्याच्या मैदानावर हजारोंना एका दिवसात लाभ वाटले. शिबिराने साचलेले काम निपटते हे खरे. पण मांडव उठल्यावर दुसऱ्या दिवशी कोणाला भेटायचे, हे त्या मैदानावर कोणी सांगत नाही.

आणखी एक उदाहरण तर केशोरीच्या शेजारीच पन्नास वर्षे आहे, पण त्याच्याकडे या नजरेने फारसे पाहिले गेले नाही. गोठणगाव-प्रतापगडजवळची नॉर्ग्येलिंग तिबेटी वसाहत १९७२ ची. तिच्यात निर्वासित तिबेटी प्रशासनाने नेमलेला वसाहत अधिकारी असतो. रहिवाशाचे कागदपत्र, सरकारी कचेऱ्यांशी व्यवहार, वृद्धांची काळजी, शाळा-दवाखान्याच्या अडचणी, या सगळ्यांसाठी रहिवासी त्या एकाच माणसाकडे जातो. वसाहत लहान, समाज एकजिनसी, म्हणून तुलना चुकीची, असे कोणी म्हणेल. लहानपणाचा मुद्दा मी मान्य करतो. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या अनेक ग्रामपंचायतीही लहानच आहेत. फरक आकाराचा कमी आणि जबाबदारीचा जास्त आहे. तिथे माणसाच्या साऱ्या अडचणी एका अधिकाऱ्याच्या आहेत. आपल्याकडे प्रत्येक अधिकाऱ्याचे एकेक खाते आहे आणि माणूस कुणाच्याच खात्यात पूर्ण बसत नाही.

सही खाली आणली तर पक्षपात वाढेल, हा शेवटचा आणि सर्वांत जड आक्षेप. सरपंच आपल्या माणसांना देईल, ग्रामसेवक दबावाखाली येईल, जात आणि गट मध्ये येतील. हे होईल, होते. पण अंतराने पक्षपात बरा होत नाही, त्यात फक्त एक दलाल वाढतो. लांबच्या कचेरीत ओळख असलेला माणूस गावात नेहमीच असतो आणि त्याची फी ठरलेली असते. जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे ग्रामसेवक करतो, दाखलाही तोच देतो. सही गावात असूनही त्या कामात मोठा गोंधळ माजलेला नाही, कारण नोंदवही आहे, नियम ठरलेला आहे आणि वर दाद मागता येते. हीच रीत आणखी दहा-बारा कामांना लावता येईल. मंजुरी जवळ, तपासणी वर. आज बरोबर उलट आहे. खर्चाचा प्रश्न निघतो तेव्हा प्रत्येक गावात प्रत्येक अधिकारी बसवा असे कोणी म्हणत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी, जेव्हा आसपासची माणसे तशीही केशोरीला येतात, तेव्हा तहसील, पंचायत समिती, आदिवासी प्रकल्प आणि बालविकास या चार खात्यांचा सहीचा अधिकार असलेला एकेक माणूस ग्रामपंचायतीच्या खोलीत बसला, तर जिल्ह्याला नवी इमारत लागणार नाही. फक्त त्याच्याबरोबर कोरे अर्ज नकोत, शिक्का हवा.

आणि त्या खोलीच्या भिंतीवर एक कापडी पिशवी हवी, बारा कप्प्यांची. निराधारांचे हयातीचे दाखले, सिकलसेलच्या मुलांच्या तपासण्या, शिष्यवृत्तीचे नूतनीकरण, ज्याचे काम ज्या महिन्यात त्याचे कार्ड त्या कप्प्यात. कार्ड उरले की आशा, अंगणवाडी सेविका किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई, कोणीतरी त्या घरी जाईल. सर्वांत आधी जूनचा कप्पा रिकामा करावा लागेल, कारण जुलैत रोवणी लागली की केशोरीच्या बांध्यांतून कोणीही कचेरीत यायला मोकळे नसते.